निंबाच्या खोडावरचा पिवळा पंजा

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात छोटा आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजी, कोणती पेस्ट वापरता?"

मी म्हटलं, "सून आणते ती. पण दात त्या पेस्टच्या आधीचे आहेत."

त्या हसल्या. या वयात इतके दात शाबूत म्हणजे पूर्वजन्मीची पुण्याई, असं म्हणाल्या. पुण्याईचं नाव कोणी काढलं की मला अजून बाचा आवाज ऐकू येतो, "काहून? पुण्याईनं दात कसे टिकतात, सांग बरं." काहून म्हणजे का, हा त्याचा आवडता शब्द. मी बाची मुलगी. डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, पुण्याई नव्हे, कडुनिंब. आमच्या अंगणात होता तो. तो एकदा तुटता तुटता राहिला, आणि त्याला मी, माय आणि बा असे तिघंही कारण होतो.

आमची वस्ती पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबादकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेला लागून. बा त्या सडकेच्या गँगवर कामाला होता. खड्डे भरणं, गिट्टी पसरवणं, उन्हाळ्यात डांबर टाकणं. बायकोपोरांच्या अंगाला जसा घराचा वास येतो तसा बाच्या अंगाला डांबराचा वास यायचा, आणि मला तो आवडायचा. घर म्हणजे मातीची एक खोली, पुढं पडवी, आणि पडवीच्या पुढं तो कडुनिंब. दोन माणसांनी हात धरले तर कवेत यावा एवढा.

आमच्या घरचा अर्धा दवाखाना त्या झाडावर होता. सकाळी उठलं की करंगळीएवढी काडी मोडायची आणि तिचं टोक चावून कुंचा करून दात घासायचे. घासता घासता विहिरीपर्यंत जाऊन यायचं, तेही अनवाणी, कारण माय म्हणायची तळव्यांना माती लागली पाहिजे. खरं म्हणजे चपलाच नव्हत्या, पण माय गरिबीलासुद्धा औषधाचं नाव द्यायची. खरूज झाली की पाल्याचं पाणी उकळून आंघोळ. डोक्यात उवा झाल्या की निंबोळीचं तेल. त्याचा वास असा की उवांच्या आधी मैत्रिणी पळायच्या. संध्याकाळी वाळलेल्या पाल्याचा धूर, मच्छरांसाठी. दुपारी त्याच्या सावलीत सगळ्यांनी तासभर आडवं व्हायचंच. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तळाला जायचं, गढूळ यायचं, ते दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय माय कोणाच्या तोंडाला लागू द्यायची नाही. जेवणात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि उन्हाळाभर आंबील. आठवडी बाजारात जंगलातून येणाऱ्या कोलाम बाईकडून मोहाच्या बियांचं तेल घ्यायची, थंडीत हातपाय फुटले की चोळायला.

आणि काशाची वाटी. मायच्या माहेरची ती एकच वस्तू घरात होती. बा डांबरावरून आला की त्याच्या तळपायांची आग आग व्हायची. माय पडवीत बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायची, एरंडेलाचे चार थेंब टाकायची आणि त्या वाटीच्या बुडानं तळवे घासायची. हळूहळू तेल काळं पडायचं. मग बाचे डोळे मिटायचे. दिवसभर तो सडकेचा आणि जगाचा असायचा, तेवढा वेळ आमचा असायचा.

छप्पनच्या दसऱ्याला माय आणि बा पांढरे कपडे घालून नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. मला शेजारच्या बुढीकडे ठेवलं होतं. ही बुढी वस्तीची सुईण, सगळ्यांची आजी, माझी नाळही तिनंच कापलेली. परत आल्यावर बा निराळाच दिसत होता. उंच झाल्यासारखा. मला जवळ घेऊन म्हणाला, "आता आपण कोनाच्या पाया पडाचं नाई. जे करायचं ते पह्यले इचाराचं, काहून? उत्तर भेटलं तं कराचं, नाई तं नाई."

घरातले देव नाल्यात गेले. मायनं स्वतः टोपलीत घालून नेले, तिलाही दुःख झालं नाही. आमच्या निंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, मातामायचा. कोणाच्या घरी गोवर-कांजिण्या निघाल्या की बायका तिथं हळदीकुंकू, दहीभात ठेवायच्या. तो दगडही बानं आणि वस्तीतल्या तरुणांनी उचलून नेला.

पण दगड गेला तरी बायकांचे हात थांबेनात. आज खोडाला हळदीचं बोट, उद्या बुंध्याशी बांगडी. बाचा संताप व्हायचा. एका सकाळी त्यानं वळचणीची कुऱ्हाड काढली आणि म्हणाला, झाडच नाही राहिलं तर पूजा कशाची करतील?

माय झाडाला पाठ लावून उभी राहिली. "दगड नेला तवा मी बोलली काय? झाडानं काय केलं? हे मह्या पोरीचं औषध हाये."

दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी करार झाला. झाडावर हळदीकुंकवाचं एक बोटही दिसता कामा नये आणि त्याची राखण मायनं करायची. दिसलं तर झाड जाणार. माय म्हणाली, "ठरलं." तिनं त्याच दिवशी खोड ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मग रोज सकाळी झाडाभोवती एक फेरी मारून ती बुंधा न्याहाळायची. कोणा नवीन माणसानं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई प्रदक्षिणाच घालते आहे.

त्यानंतर घरातल्या एकेका सवयीवर काहूनचा खटला चालला. शनिवारी डोक्याला तेल लावायचं नाही, काहून? मायकडं उत्तर नव्हतं, म्हणून शनिवारी तेल सुरू झालं. माझ्या वेणीला त्याचा फायदाच झाला. सोमवारी उपास काहून? माय म्हणाली, पोटाला आराम. बानं विचार केला आणि म्हणाला, "मंग पोटाले सोमवारच कायले पाह्यजे? बुधवारी कर." म्हणून आमच्याकडं बुधवारचा उपास असायचा. पाडव्याचा निंब आणि गूळ रक्त साफ करतो हे बाला पटलं, पण पाडव्याला नको म्हणून आम्ही तो आदल्या दिवशी खायचो. मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढणं बंद झालं, पाल्याचा धूर पास झाला.

महिन्यातून एकदा सकाळी एरंडेल प्यावं लागायचं, सुंठीच्या काढ्यात. तो गिळण्याच्या आधी मीही एकदा धीर करून विचारलं, "बा, एरंडेल काहून?" बानं मला आणखी अर्धा पळा दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहून सगळ्यांनी सगळ्यांना विचारायचं नसतं. तोंड वाकडं करून मी ते गिळलं आणि दिवसभर परसाकडच्या वाटेवर त्याचा विचार केला.

दीक्षेनंतरचा तिसरा उन्हाळा लागत होता. मी तिसरीत होते. शाळेतून आले ती डोळे लाल, नाक गळतंय, अंगात ताप. चार दिवसांनी कानामागून पुरळ उतरलं आणि सगळं अंग भरलं. गोवर. बुढी दारात येऊन म्हणाली, "माय आली वं पोरीच्या अंगात. दाराले निंब बांध, दहीभात ठेव."

बा घरी होता. "माय नाई आली, बीमारी आली," तो म्हणाला, आणि मला पाठुंगळी घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी तपासलं, डोळ्यांत घालायला थेंब दिले आणि सांगितलं, याला खास औषध नाही, आपोआप उतरतं. उजेडात ठेवू नका, पाणी भरपूर पाजा, हलकं जेवण द्या, नखं कापा, घरात पोरं येऊ देऊ नका. पुरळ वाळायला लागलं की निंबाच्या पाण्यानं अंग पुसलं तरी चालेल.

बानं घरी येऊन हे सगळं मायला मोठ्या आवाजात सांगितलं, जणू शोध लागला होता. माय म्हणाली, "बुढी तरी दुसरं काय सांगून राह्यली व्हती?"

"तिनं देवीचं नाव घेतलं."

"आन डॉक्टरनं निंबाचं घेतलं," माय म्हणाली आणि मला आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी बाची गँग डांबराच्या कामाला पंधरा-वीस मैल पुढं गेली. तिकडंच तंबूत राहायचं, आठवड्यानं परत. जाताना तो माझ्याजवळ बराच वेळ बसला. त्याला जायचं नव्हतं हे मला अंधारातही कळत होतं.

ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. गोणपाट लावलेली खिडकी. ताकातली पातळ आंबील, चमच्याचमच्यानं. मायचा हात कपाळावर, आणि तो हात नेहमी थंड कसा असायचा ते मला आजवर कळलं नाही. खाजवायला हात उचलला की ती निंबाची कोवळी डहाळी अंगावरून फिरवायची. त्या डहाळीइतकं सुख मला नंतर कशानंच दिलं नाही, हे मी नवऱ्यालाही सांगितलं होतं आणि त्याला राग आला होता.

नवव्या की दहाव्या दिवशी ताप गेला आणि पुरळ कोंडा होऊन सुटायला लागलं. मायनं पाट्यावर निंबाचा पाला आणि हळकुंड वाटलं. उन्हं कलल्यावर मला अंगणात आणून डोक्यापासून पायापर्यंत तो लेप लावला, तळहातांनाही. मग चुलीवरचं पाण्याचं भगुणं आणायला आत गेली. मी इतक्या दिवसांनी पहिल्यांदा पायांवर उभी होते. पाय लटलट कापायला लागले. पडू नये म्हणून मी खोडाला हात टेकला. झाडाची साल उन्हानं कोमट झाली होती. मला फार बरं वाटलं.

मायनं मला आंघोळ घातली, जुन्या लुगड्यात गुंडाळून आत निजवलं, आणि अंगण झाडायचं राहू देऊन ती चुलीशी बसली. माझा लगेच डोळा लागला.

पुढचं मी अर्धं मायकडून आणि अर्धं बुढीकडून ऐकलं. बुढी माझा हालहवाल विचारायला आली. तिला खोडावर पिवळा पंजा दिसला. पाच बोटं, स्पष्ट. लग्नात, नव्या घराच्या भिंतीवर, देवीच्या ठाण्यावर असे हळदीचे पंजे तिनं जन्मभर पाहिलेले. तिनं सवयीनं हात जोडले. नेमका तेव्हाच बा अंगणात शिरला. तंबूवरून सुटी मिळताच ट्रकवर बसून आला होता, पोरीच्या काळजीनं, दोन दिवस आधीच.

त्यानं जोडलेले हात पाहिले. मग पंजा पाहिला. मायला हाक मारली.

"हयद दिसली का झाड जाईन, ठरलं होतं का नाई?"

मायनं दारातून झाडाकडं पाहिलं. तिला तत्क्षणी कळलं पंजा कोणाचा ते. ती म्हणाली, "ठरलं होतं." आणि गप्प राहिली.

बुढी तोंडाला पदर लावून निघून गेली. बानं कुऱ्हाड काढली.

मी जागी झाले ती पहिल्या घावानं. तो आवाज जमिनीतून माझ्या पाठीत आला. लुगडं सावरत, भिंत धरत मी बाहेर गेले. बाची पाठ माझ्याकडे होती. माय दाराच्या चौकटीला टेकून उभी, तोंडावर एक रेषही हललेली नाही. खोडावर पांढरी जखम आणि तिच्या वर हातभर माझा पंजा. एवढ्या दिवसांनी बा दिसला म्हणून मला आनंद झाला, आणि तो आमचं झाड तोडतो आहे म्हणून रडू आलं. दोन्ही एकदमच.

"बा, तो मह्यावाला हात हाये," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी चालत गेले, कुऱ्हाडीच्या आणि झाडाच्या मध्ये, आणि पंज्यावर हात ठेवला. बोटाला बोट बसलं. अंगठा, करंगळी, सगळं. नुकती आंघोळ झाली होती तरी नखांच्या कडांना पिवळं होतं.

बानं माझा हात पाहिला. माझं कोंडा सुटलेलं तोंड पाहिलं. मग मान वळवून मायकडं पाहिलं. माय तोवर आत गेली होती.

तो तिथंच बुंध्याशी बसला आणि मला त्यानं मांडीवर घेतलं. नंतर त्यानं स्वतः चिकणमाती आणि शेण कालवलं. माय वाटीतला उरलेला लेप घेऊन आली, तो जखमेत भरला आणि वरून बानं कालवलेली माती थापली. मला लावला होता तसाच लेप, तसाच हात. माझ्याकडं पाहून म्हणाली, "यालेही गोवर निघाला समज."

बाशी मात्र ती बोलली नाही. चार दिवस. भाकर वेळेवर, पाणी गाळलेलं, कपडे धुतलेले, कशात उणं नाही, पण शब्द नाही. गँगही तंबूवरून परतली होती; संध्याकाळी बा कामावरून आला की पडवीत पाय पसरून बसायचा. काशाची वाटी कोनाड्यात आणि माय चुलीशी. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची. घरातलं सगळं औषध तिच्याकडं होतं, आणि या दुखण्यावर ती ते देत नव्हती.

पाचव्या दिवशी बाच्या तळव्यांची आग फारच झाली असावी. त्यानं स्वतःच वाटी काढली, तेल टाकलं आणि पाय मांडीवर ओढून घासायला लागला. उंच माणूस, सडकेवर काम करून ताठलेली कंबर. एका हातात पाऊल, दुसऱ्यात वाटी, आणि तो मागच्या मागं पडवीत कलंडला. वाटी गडगडत निंबापर्यंत गेली. मी हसले. चुलीशी काहीतरी आवाज झाला, मायलाही हसू आवरलं नसावं.

बा पडल्या पडल्याच म्हणाला, "तू सांगितलं काहून नाई?"

माय बाहेर आली. वाटी उचलली, पदरानं पुसली.

"तुमी इचारलं कधी? साऱ्या दुनियेले काहून इचारता. देवाले इचारलं, बुढीले इचारलं. मले इचारलं काय, हा हात कोनाचा म्हून?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण बा उठून बसला आणि तेलानं माखलेलं पाऊल त्यानं हळूच खाली ठेवलं. मी पुढं शिकले, मास्तरीण झाले, बोलता येणारी बरीच माणसं पाहिली. माझ्या बाला निरुत्तर करणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि तिला सही करता येत नव्हती.

"चुकलं," बा म्हणाला. मग, "आता इचारू काय?"

"इचारा."

"हे तेल काळं काहून होते?"

आम्ही सगळे म्हणायचो अंगातली उष्णता निघते म्हणून. मलाही उत्तर माहीत होतं, मी तोंड उघडलंही. पण माय थांबली. तिनं वाटीचं बूड उजेडाकडं धरून पाहिलं, खरंच विचार केला, जसा बानं बुधवारच्या उपासाचा केला होता तसा.

"मले नाई मालूम," ती म्हणाली. मग खाली बसली आणि मांडीवरचा पदर सारखा केला. "पाय इकडं करा."